‘विमुक्त’ : शब्दाचा अर्थ आणि शब्दाची जबाबदारी

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामस्तरावरील शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाच्या दप्तरात काही शब्द असे असतात की ते रोज लिहिले जातात, वाचले जातात आणि शिक्क्याखाली येतात. परंतु त्यांच्या अर्थाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ‘विमुक्त’ हा त्यांपैकी एक शब्द होय. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात, नोकरभरतीच्या जाहिरातीत आणि घरकुलाच्या यादीत ‘वि. जा.’ ही दोन अक्षरे आढळतात. लिहिणाऱ्याच्या लेखी तो एक रकाना असतो. ज्या मुलाच्या नावापुढे ती अक्षरे पडतात, त्याच्या पणजोबांची हजेरी मात्र कदाचित याच भूमीत पोलिसांच्या वहीत लागत होती. या शब्दाचा अर्थ समजून घेणे हे केवळ भाषेच्या अभ्यासकांचे काम नाही. ज्यांच्या सहीने दाखला मिळतो, ज्यांच्या ठरावाने जागा मिळते आणि ज्यांच्या वर्गात मूल बसते, त्या सर्वांनी तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

मोकळेपणाचे दोन गट

बंधन नसण्याची स्थिती सांगणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत आणि त्यांचे सरळ दोन गट पडतात. ‘निरंकुश’, ‘बेलगाम’, ‘उच्छृंखल’ आणि ‘मोकाट’ हे पहिल्या गटातील शब्द. अंकुश हत्तीसाठी, लगाम घोड्यासाठी, शृंखला म्हणजे साखळी. आणि दावे तोडून दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर ते मोकाट. त्याच्यासाठी गावात कोंडवाडा असतो. या सर्व शब्दांत बंधन असणे हे योग्य आणि ते नसणे हा दोष, असे गृहीत धरलेले आहे. दोरी ज्याच्या हाती आहे, त्याच्या बाजूने हे शब्द बोलतात.

दुसऱ्या गटात ‘मुक्त’, ‘मोकळा’, ‘स्वतंत्र’ हे शब्द येतात. येथे बंधन हाच दोष मानलेला आहे आणि ते सुटणे हे सुख आहे. मोकळे आकाश, मोकळा श्वास, मुक्त कंठ या प्रयोगांत तो आनंद स्पष्ट ऐकू येतो. दोरी ज्याच्या गळ्यात आहे, त्याच्या बाजूचे हे शब्द होत.

एकाच माणसाविषयी या दोन्ही गटांतील शब्द वापरता येतात. गावोगाव फिरणाऱ्या तांड्याला कोणी मुक्त संचार करणारा म्हणेल, तर कोणी मोकाट फिरणारा म्हणेल. पाय तेच असतात, वाटही तीच असते. नजर तेवढी निराळी असते. विमुक्त जातींच्या बाबतीत ही नजर केवळ बोलण्यापुरती राहिली नाही. तिचा कायदा झाला आणि तो कायदा ऐंशी वर्षे चालला.

शब्दाची घडण

‘मुच्’ म्हणजे सोडणे, या संस्कृत धातूपासून ‘मुक्त’, ‘मुक्ती’, ‘मोचन’ आणि ‘विमोचन’ हे शब्द तयार झाले. ‘मोक्ष’ हा शब्दही याच कुळातील. ‘वि’ हा उपसर्ग कधी वेगळेपणा दाखवितो, जसे ‘वियोग’. तर कधी विशेषपणा दाखवितो, जसे ‘विख्यात’. ‘विमुक्त’ म्हणजे पूर्णपणे सोडविलेला, बंधनापासून अलग केलेला. व्याकरणाच्या दृष्टीने हे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आहे. म्हणजे सोडविण्याची क्रिया पूर्ण झाली आहे, असे हा शब्द ठामपणे सांगतो.

कारभाराच्या भाषेत ‘मुक्त’ हे पद शेवटी असलेले अनेक शब्द रूढ आहेत. कर्ज फिटले की शेतकरी ऋणमुक्त होतो. २००७ पासून चाललेल्या मोहिमेमुळे ‘तंटामुक्त गाव’ हा शब्द घरोघरी पोचला. बदली झालेला कर्मचारी कार्यमुक्त होतो. या प्रत्येक शब्दात कशापासून मुक्त, याचे उत्तर शब्दातच आहे. ‘विमुक्त जाती’ या शब्दात ते नाही. ऐकणाऱ्याला ते माहीत असावे लागते. आणि ते माहीत नसले तर हा शब्द केवळ एक खूण होऊन राहतो.

इंग्रजी दप्तरात या समाजांना ‘डीनोटिफाइड’ म्हणतात. त्याचा अर्थ, ज्यांच्याविषयीची अधिसूचना रद्द झाली ते. तो शब्द कागदाविषयी बोलतो. त्यापूर्वी काही काळ ‘माजी गुन्हेगार जमाती’ असाही उल्लेख होत असे. त्यातील ‘माजी’ या शब्दाने डाग पुसला न जाता उलट पक्का होत होता. या दोहोंच्या तुलनेत ‘विमुक्त’ हा शब्द उमदा आहे. तो माणसाविषयी बोलतो आणि त्याच्या सुटकेविषयी बोलतो. शब्द चांगला निवडला गेला, यात शंका नाही. त्याला साजेसा व्यवहार घडला काय, हा खरा प्रश्न आहे.

कशातून मुक्त?

१८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांना लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढविली आणि १९२४ च्या कायद्याने सर्व तरतुदी एकत्र आणल्या. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग गुन्हे करण्यास सरावलेला आहे, असे सरकारला वाटले म्हणजे तशी अधिसूचना काढता येत असे. ही अधिसूचना योग्य की अयोग्य, याची चौकशी न्यायालयालाही करता येत नसे.

अधिसूचना निघाली की त्या समाजातील माणसांची नावे नोंदविली जात. १९११ नंतर बोटांचे ठसेही घेता येऊ लागले. नोंदलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, राहण्याची जागा कळवावी, जागा बदलली तर तेही कळवावे, नेमून दिलेल्या हद्दीबाहेर परवान्याशिवाय जाऊ नये, असे निर्बंध घालता येत. ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी, अशी तरतूद होती. मुलांना आईबापांपासून वेगळे करून संस्थांत ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता.

या कायद्याचा एक भाग ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. गावचे प्रमुख आणि गावचे पहारेकरी यांच्यावर या लोकांच्या हालचालींची खबर देण्याची जबाबदारी कायद्यानेच टाकलेली होती. म्हणजे हे बंधन केवळ पोलिसांचे नव्हते. गावालाही त्यात भागीदार करण्यात आले होते. वेशीबाहेर पाल पडले की गावाने संशयाने पाहावे, हा रिवाज आपोआप पडलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो सरकारी कर्तव्य म्हणून पाळला गेला आहे.

‘गुन्हेगार’ हे विशेषण माणसाच्या कृतीला लागते. या कायद्याने ते जन्माला लावले. पाळण्यातील मूल कोणाची वस्तू उचलण्याआधीच गुन्हेगार ठरले, आणि भाषेनेही या अन्यायाला साथ दिली. ‘भामटा’ हे एका समाजाचे नाव आणि तोच शब्द फसविणाऱ्याला उद्देशून शिवीसारखा वापरात. ज्या मुलाच्या जातीचे नावच वर्गात शिवी म्हणून उच्चारले जाते, त्याने हजेरीच्या वेळी ‘हजर’ कोणत्या तोंडाने म्हणावे?

हे लोक कोण होते?

महाराष्ट्र शासनाच्या यादीत १४ विमुक्त जाती आहेत. त्यांच्या पूर्वीच्या व्यवसायांकडे पाहिले असता या लोकांचे गावगाड्याशी असलेले नाते स्पष्ट होते. रामोशी हे गावांचे आणि किल्ल्यांचे रखवालदार. इंग्रजी राज्याविरुद्ध उठाव करून १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक याच समाजातील. वडारांनी दगड फोडले, विहिरी खणल्या, बंधारे बांधले. कैकाड्यांनी टोपल्या आणि कणग्या विणून शेतकऱ्यांचे धान्य सांभाळले. बंजाऱ्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोचविले. पारध्यांना रानाची आणि शिकारीची विद्या अवगत होती.

हे व्यवसाय का बसले, याची कारणेही उघड आहेत. पोलीस खाते आले आणि रखवालदारीचे हक्क गेले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढे लोहमार्ग व पक्क्या सडका वाढत गेल्या तसतशी बैलांच्या तांड्यांची गरज संपत गेली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलातील वावरावर निर्बंध आले. ज्यांचे पोट फिरण्यावर अवलंबून होते, त्यांचे आधी काम गेले आणि मग त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले.

मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी या लोकांच्या वसाहती उभारण्यात आल्या. लोक त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. तारेच्या कुंपणाआड कुटुंबे राहत, हजेरी होई, परवाना घेऊन कामावर जावे लागे. सोलापूरच्या वसाहतीतील स्त्रीपुरुषांनी तेथील कापडगिरण्यांत मजुरी केली. वसाहतींत मुलांसाठी शाळा होत्या आणि काही घरांत अक्षरओळख प्रथम तेथेच पोचली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ती कुंपणाआडची शाळा होती. चांगल्या वर्तणुकीच्या कुटुंबांना कुंपणाबाहेर राहू देत. त्या वस्तीला ‘फ्री कॉलनी’ असे नाव होते. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे शब्द सोलापूरच्या पत्त्यांत आजही लिहिले जातात. मोकळेपणा हा वर्तणुकीच्या मोबदल्यात, मोजून, तुकड्यातुकड्याने मिळावयाची वस्तू आहे, ही त्या काळची समजूत या एका नावात गोठून राहिली आहे.

सुटकेचा दिवस

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. केंद्र शासनाने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल आल्यानंतर संसदेने १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदे निरसन अधिनियम संमत केला आणि तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून अंमलात आला. म्हणून ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ मानला जातो. स्वातंत्र्यदिन आणि विमुक्त दिन यांत पाच वर्षे आणि सोळा दिवसांचे अंतर आहे. या काळात राज्यघटना अंमलात आली होती आणि देशात कोठेही संचार करण्याचा व वास्तव्य करण्याचा हक्क तिने सर्व नागरिकांना दिला होता. तरीही काही नागरिकांना, ते विशिष्ट घरी जन्मले म्हणून, हजेरी द्यावी लागत होती.

पुढे सराईत गुन्हेगारांविषयीचे स्वतंत्र कायदे निरनिराळ्या राज्यांनी केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. त्यात आणि जुन्या कायद्यात तत्त्वाचा मोठा फरक आहे. जुना कायदा जन्म पाहत होता. नवा कायदा त्या व्यक्तीला न्यायालयाने दिलेल्या शिक्षा पाहतो. व्यवहारात मात्र नजर कायद्याइतकी लवकर बदलत नाही. गावात चोरी झाली की पहिला शोध वेशीबाहेरच्या पालांत घ्यावयाचा, ही सवय कायदा गेल्यावरही राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विमुक्त जमातींच्या लोकांना जन्मावरून सराईत गुन्हेगार समजणे हे त्याच जुन्या कायद्याचे अवशेष आहेत, हे त्या निकालात स्पष्ट झाले आणि अशा लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनाही न्यायालयाने बजावले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावर देशातील सर्वोच्च न्यायासनाला हे सांगावे लागले, यावरून ‘विमुक्त’ या भूतकालवाचक विशेषणातील क्रिया अद्याप पूर्ण झालेली नाही, हे दिसून येते.

कार्यमुक्त, पण रुजू नाही

शासकीय कर्मचाऱ्यांना या शब्दाचा अपुरेपणा एका परिचित उदाहरणाने ध्यानी येईल. बदली झालेल्या कर्मचाऱ्याला एका कचेरीतून कार्यमुक्त केले जाते. परंतु तेवढ्याने त्याची बदली पूर्ण होत नाही. दुसऱ्या कचेरीने त्याला रुजू करून घ्यावे लागते. तेथे त्याचे नाव हजेरीपटावर यावे लागते, वेतन निघावे लागते, बसावयास जागा मिळावी लागते. एका कचेरीने सोडले आणि दुसरीने घेतलेच नाही, तर त्या कर्मचाऱ्याचे काय हाल होतात, हे कोणालाही सांगण्याची गरज नाही.

१९५२ मध्ये विमुक्त समाजांच्या बाबतीत असेच काहीसे घडले. कायद्याने त्यांना सोडले. परंतु त्यांना रुजू कोणी करून घ्यावयाचे, हे ठरले नव्हते. जमीन नव्हती, घर नव्हते, जुना धंदा उरला नव्हता आणि गावाच्या मनात जागा नव्हती. ‘विमुक्त’ हा शब्द कोठून सुटला एवढेच सूचित करतो. सुटून कोठे पोचला, हे तो सांगत नाही. ते उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ते गावोगावच्या शाळांनी, पंचायतींनी आणि कचेऱ्यांनी द्यावयाचे आहे.

शासनाने या दिशेने काही पावले निश्चित टाकली आहेत. विमुक्त जातींसाठी महाराष्ट्रात ३ टक्के आरक्षण आहे. या समाजांच्या मुलांसाठी आश्रमशाळा चालविल्या जातात. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक हे बंजारा समाजातील. त्यांच्या नावाने विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ ८ फेब्रुवारी १९८४ रोजी स्थापन झाले. २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना सुरू झाली. एका कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि तीत २६९ चौरस फुटांचे घर, अशी तिची मूळ कल्पना. या योजनेचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. सोलापूरचीही ‘वसाहत’ होती आणि हीसुद्धा ‘वसाहत’च आहे. पहिलीत कुंपण आधी आले आणि माणसे नंतर. दुसरीत माणसाच्या नावे जागा आहे. ‘मुक्त’ आणि ‘वसाहत’ हे दोन शब्द एकमेकांना विरोधी नाहीत, हे दाखवून देण्याची संधी प्रत्येक ग्रामपंचायतीला यात आहे.

दाखल्याची अडचण

या सर्व योजनांचे दार जातीच्या दाखल्याने उघडते, आणि पुष्कळांची वाट तेथेच अडते. विमुक्त जातींच्या बाबतीत कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधारे पाहिले जाते. ज्यांच्या वाडवडिलांना एका गावी स्थिर होऊ दिले गेले नाही, त्यांच्याकडे त्या काळातील वास्तव्याचा कागद मागितला जातो. याच घराण्यांची नावे, ठावठिकाणे आणि बोटांचे ठसे सरकारने एके काळी अत्यंत काळजीपूर्वक लिहून ठेवले होते. बांधून ठेवण्यासाठी ज्यांची नोंद चोख होती, त्यांना काही देण्याची वेळ आली तेव्हा नोंद सापडेनाशी झाली. यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दोष नाही. नियम पाळावेच लागतात. परंतु अर्ज परत करणे आणि अर्जदाराला पुरावा शोधण्यास साहाय्य करणे, या दोहोंत नियमाचा भंग न करताही निवड करता येते. एखाद्या जुन्या शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ, एखाद्या नातेवाइकाचा दाखला, जन्ममृत्यूच्या वहीतील एखादी नोंद, हे शोधण्याची दृष्टी कर्मचाऱ्याजवळ असते. पालात राहणाऱ्या निरक्षर माणसाजवळ ती नसते.

रकाना भरताना आणखी एक सावधगिरी हवी. हे समाज सर्वत्र एकाच यादीत नाहीत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात अनुसूचित जमातींत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातींत आणि राज्याच्या अन्य भागांत विमुक्त जातींत येतात. फासेपारधी अनुसूचित जमातींत आहेत, तर राजपारधी विमुक्त जातींच्या यादीत. शाळेत प्रवेशाच्या वेळी घाईने लिहिलेला एक चुकीचा शब्द पुढे त्या मुलाला पडताळणी समितीपर्यंत छळतो. मुख्याध्यापकाने त्या वेळी दिलेली पाच मिनिटे त्या मुलाची पुढची पाच वर्षे वाचवू शकतात.

गावाने काय करावे?

मोठ्या योजना वरून येतात. परंतु काही कामे अशी आहेत की त्यांसाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहावयास नको.

जन्माची नोंद हे त्यांतील पहिले काम. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जेथे झाला तेथे तो नोंदवावयाचा असतो. आईबाप कोणत्या गावचे, हा प्रश्न त्याआड येत नाही. गावाच्या शिवारातील पालात मूल जन्मले तर त्याची नोंद त्याच ग्रामपंचायतीत झाली पाहिजे. एकवीस दिवसांच्या आत हे काम सहज होते. ते झाले नाही, तर पुढे प्रत्येक कचेरीत त्या मुलाला आपण जन्मलो होतो, हे सिद्ध करावे लागते.

दुसरे काम शाळेचे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणूनही प्रवेश अडविता येत नाही. मूल वयाने मोठे असेल तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यावयाचे आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा अन्य कामाला आईबाप निघाले तर मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सोय पाहावी. तेही न जमल्यास शिक्षण हमी पत्रक मुलाबरोबर द्यावे, म्हणजे जेथे ते जाईल तेथील शाळा त्याला पुढे शिकवील. फिरते मूल म्हणजे गैरहजर मूल, असा हिशेब शिक्षकाने करू नये.

तिसरे काम मतदार यादीचे. बेघर माणसाजवळ पत्त्याचा कागद नसला तरी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री प्रत्यक्ष जाऊन तो सांगितलेल्या जागीच झोपतो, अशी खात्री केली म्हणजे त्याचे नाव यादीत येऊ शकते. या तरतुदीचे मोल विमुक्त समाजाच्या संदर्भात फार मोठे आहे. पूर्वी सरकारचा माणूस रात्री पालावर येई तो हजेरी घेण्यासाठी आणि कोण बाहेर गेला हे पाहण्यासाठी. आता तो येऊ शकतो तो मताचा हक्क देण्यासाठी. रात्र तीच, पाल तेच आणि कंदिलाच्या जागी विजेरी. परंतु येण्याचा हेतू पार बदललेला. ‘विमुक्त’ शब्दाला याहून चांगला अर्थ क्वचितच मिळेल.

चौथे काम ग्रामसभेचे. ग्रामपंचायतीत विमुक्त जातींसाठी स्वतंत्र राखीव जागा नसतात; त्यांचा समावेश नागरिकांच्या मागास प्रवर्गात होतो. संख्येने थोडे आणि वस्तीने विखुरलेले असल्यामुळे त्यांचा माणूस निवडून येणे कठीण असते. म्हणून जे सदस्य निवडून आले आहेत, त्यांनी त्यांच्या वस्तीचा पाण्याचा, स्मशानभूमीचा आणि जागेचा प्रश्न सभेत मांडला पाहिजे. जे मत देऊन पाडू शकत नाहीत त्यांच्यासाठी बोलणे, यातच सदस्यत्वाची कसोटी आहे.

पाचवे काम खर्चाचे नाही. ते जिभेचे आहे. वर्गात, चावडीवर, सभेत जातीचे नाव दोष दाखविण्यासाठी उच्चारू नये आणि दुसरा कोणी उच्चारीत असेल तर त्याला थांबवावे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. समाजाने हिणविण्यासाठी वापरलेले शब्द या लेखकांनी आपल्या आत्मकथनांच्या मुखपृष्ठावर लिहिले आणि वाचकाला मान खाली घालावयास लावले. शाळेच्या ग्रंथालयात ही पुस्तके असावीत आणि शिक्षकांनी ती आधी स्वतः वाचावीत.

शब्दाची पूर्तता

भाषेतील शब्द आपला अर्थ कोशातून घेतात, हे अर्धेच खरे आहे. उरलेला अर्थ त्यांना वापरातून मिळतो. ‘विमुक्त’ हा शब्द तुच्छतेने उच्चारला गेला तर तो ‘गुन्हेगार’ या जुन्या शब्दाचे नुसते पांघरूण होतो. निष्काळजीपणे लिहिला गेला तर तो एक निर्जीव रकाना होतो. त्याच्यामागे जन्माची नोंद, शाळेतील जागा, हातात दाखला आणि डोक्यावर छप्पर उभे राहिले, तर तो आपल्या धातूला जागतो.

दरवर्षी ३१ ऑगस्टला ठिकठिकाणी विमुक्त दिन साजरा होतो. हार घातले जातात, भाषणे होतात आणि ती व्हावीतही. परंतु ग्रामपंचायतीने आणि शाळेने हा दिवस हिशेबाचाही मानावा. गावाच्या हद्दीत विमुक्त समाजाची घरे किती, पाले किती. त्यांतील किती मुलांचे जन्म नोंदले गेले, किती मुले पटावर आहेत आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष वर्गात बसतात. किती कुटुंबांकडे दाखला आहे, किती जणांचे अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहेत. किती प्रौढांची नावे मतदार यादीत आहेत. या सर्वांचा एक कागद त्या दिवशी ग्रामसभेसमोर वाचला जावा आणि पुढच्या ३१ ऑगस्टला तोच कागद पुन्हा काढून नव्या आकड्यांशी ताडून पाहावा. पूर्वी या लोकांच्या नावांची वही त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी होती. गावाने आता जी वही ठेवावयाची, ती त्यांना रुजू करून घेण्यासाठी असावी.